सुळे येईपर्यंत

आमच्या रामदासपेठेतल्या घरमालकांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत. दात राहत. लग्नाकार्यात कोणी समोर येऊन नमस्कार केला, की हे कोऱ्या डोळ्यांनी नुसते बघत उभे. तो बिचारा ओशाळून हसला, की यांचा चेहरा एकदम उजळायचा. "अरे! तू तर वरची डावी दाढ! कुठं लपून राहिला होता गा इतके दिवस?" आणि भर मांडवात मिठी. त्यामुळे ओळखीतले लोक त्यांना बघितलं की आधी हसून घेत आणि मग बोलत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय लोभस माणूस आहे, याला बघताच सगळ्यांची कळी खुलते.

कोरोनात सगळं शहर मास्कमागे गेलं तेव्हा या माणसाचे फार हाल झाले. फाटकाशी उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघायचे. वर्षानुवर्षं रतीब घालणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी "कोन पायजे?" म्हणून विचारलं. शेवटी तो दूधवाला रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मास्क खाली करायचा, दात दाखवायचा, मास्क वर घ्यायचा, आणि मग दूध द्यायला पुढे यायचा. हे मी आमच्या गॅलरीतून रोज बघत असे.

ते दातांचे डॉक्टर होते, हे एव्हाना कळलं असेल. खाली दर्शनी भागात दवाखाना, मागे ते एकटेच राहायचे, आणि वर आम्ही भाडेकरू. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. मी दोन गल्ल्या सोडून एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर होते आणि आमचे हे कंपनीच्या बसने बुटीबोरीच्या कापड गिरणीत जायचे. लग्नानंतर घर शोधत फिरत होतो तेव्हा बाकीच्या घरमालकांनी आमची जात विचारली, मटण शिजवता का विचारलं, पाहुणे किती येतात तेही विचारलं. डॉक्टरकाकांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "दोघंही जरा हसा."

यांनी लगेच बत्तिशी काढली. माझी पंचाईत झाली. माझा वरचा एक दात जन्मापासून बाकीच्यांच्या पुढे खांदा काढून उभा आहे, त्यामुळे मला तोंडावर हात ठेवून हसायची सवय. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी नुकतीच शिंकलेली दिसते.

"हात काढ वं."

काढला. त्यांनी वाकून, चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ बघितलं. माझ्या सासरच्यांनीही मला एवढं निरखून बघितलं नव्हतं.

"त्याच्या मागून ब्रश जाते का नीट?"

"जातो."

"मग चांगला हाय. या राहाले."

त्यांच्या दवाखान्यात खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. लोक भिंतीवर फोटो लावतात तसे हे जबडे. एक दार अडवायला, एक वर्तमानपत्र उडू नये म्हणून. कूलर सुरू झाला की खसच्या वासात ते सगळे जबडे आ वासून बसलेले बघून नवीन पेशंट दारातूनच परत फिरायचे. पुढे दवाखाना बंद करून हैदराबादला मुलीकडे जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हे जबडे पोत्यात न भरता स्कूटरवर घालून ज्याचे त्याला घरपोच केले. नागपुरात आजही कित्येक घरांच्या शोकेसमध्ये, बाहुल्या आणि ट्रॉफ्यांच्या मधे, घरच्याच माणसाचा जबडा ठेवलेला सापडेल. आमच्याही आहे, लेकीचा. मनीषनगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी तो सगळ्यात आधी काढून ठेवला. हैदराबादहून ते वारल्याची बातमी आली त्या दिवशी यांनी न सांगता तो फडक्याने पुसला.

कोपऱ्यावर एक पानठेला होता. तिथे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणारी पोरं उभी असत. डॉक्टरकाका संध्याकाळी लुंगीवर तिथे जायचे आणि एखाद्याचा खांदा धरून म्हणायचे, "दाखव गा तोंड." पोरगा बिचकून आ करायचा. काका मोबाइलचा टॉर्च मारून आत बघायचे आणि काही न बोलता मान हलवत घरी यायचे. उपदेशाचा एक शब्द नाही. त्या मान हलवण्याने मात्र दोन पोरांनी खर्रा सोडला आणि ठेलेवाल्याने डॉक्टरकाकांशी बोलणं सोडलं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा हा, की डॉक्टर असून ते इलाज करायला तयार नसत. समोरच्या दातांत फट आहे, बुजवून द्या, म्हणून लोक यायचे. एक लग्न ठरत आलेली मुलगी आली होती. मुलाकडच्यांनी अट घातली होती, फट बंद करा. तिला तोंड उघडायला लावून त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "तुले त्रास होते का हिचा?"

"नाही जी. मले तर आवडते."

"मग तुह्या दाताले काहून तार लावू? त्यायच्या डोयाले लावतो, घेऊन ये त्यायले."

गरज असली तर मात्र करायचे. शाळेतल्या एका बाईंना वर्गात मोकळेपणाने हसता येईना, तर दातांच्या कडांना दाताच्याच रंगाचा मसाला लावून एका दुपारात त्यांनी फट बुजवून दिली. वर सांगितलं, "हे लिंपण हाय. कधीतरी टवका जाईन, तवा यायचं, रडायचं नाही." ज्या पोरांना तारा लावल्या त्यांच्या मागे तर तार काढल्यावर जास्त लागायचे. रात्री प्लेट घालता की नाही, म्हणून रस्त्यात अडवून विचारायचे. "दाताले जुन्या घराची आठवण असते. नजर काढली का चालला परत." आणि उतारवयात नवी फट पडलेलं माणूस आलं, की त्यांचा थट्टेचा सूर बंद व्हायचा. "ही दाताची गोष्ट नाही. पाया सरकून राहिला. आधी हिरड्या, मग बाकीचं." त्यांच्या स्वतःच्या दातांतही उतारवयात अशी फट पडली होती. ती बोटाने दाखवत ते म्हणायचे, "माही पाहा. मी दुसऱ्यायच्या हिरड्या पाहत बसलो." मागच्या महिन्यात माझ्या खालच्या दातांत पालकाची देठं अडकायला लागली, तेव्हा मी आरशासमोर त्यांच्याच आवाजात स्वतःला दम दिला आणि सरळ हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

बाकी बहुतेकांना मात्र ते परत पाठवत. "काही करायचं नाही. घरी जा." लोक चिडत. आमचे हे म्हणायचे, "हा डॉक्टर हाय का वॉचमन?" एकदा मीही हसत हसत म्हटलं, "काका, तुम्ही काहीच करत नाही, असं म्हणतात लोक."

ते गंभीरपणे म्हणाले, "करून राहिलो ना! थांबून राहिलो. ते का सोपं काम हाय?"

ते किती कठीण काम आहे हे मला माझ्या लेकीच्या, राणूच्या, वेळी कळलं.

राणू तेव्हा तिसरीत होती. दुधाचे दात पडून समोरचे दोन नवे आले ते एकमेकांशी भांडण झाल्यासारखे, एक इकडे तोंड करून आणि दुसरा तिकडे. मधे ही एवढी फट. वर्गातली पोरं तिला "फाटक" म्हणायला लागली. "फाटक उघड, फाटक लाव," असं ओरडायची. राणू घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची, आणि माझ्यासारखीच तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. ते बघितल्याबरोबर मी तिचा हात धरून खाली नेलं.

डॉक्टरकाकांनी तिचा वरचा ओठ उचलून ताणला आणि ओठाची आतली शीर दातांच्या मधे उतरली आहे का ते बघितलं. पाणी गिळायला लावून जीभ दातांना ढकलते का ते बघितलं. अंगठा चोखतेस का विचारलं, तर राणू अपमान झाल्यासारखी बघायला लागली. मग एक्स-रे काढला, मधे जास्तीचा दात तर दडून बसलेला नाही ना म्हणून. काहीच नव्हतं.

"बाजूचे सुळे यायचे हायेत अजून," ते तिला म्हणाले. "ते वरून येतात ना, तवा येता येता या दोघांना धक्के देत देत जवळ आणतात. लाइनीत घुसणारा माणूस करते तसं. तोवर हे असेच फाकलेले राहतात."

"कधी येतील?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी."

"तोवर काय करायचं?"

"सुळे येईपर्यंत काही करायचं नाही."

रडणाऱ्या लेकराच्या आईला असं सांगणारा डॉक्टर मला त्या दिवशी फार आवडला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत राणू उमरेडला आजोबांकडे गेली. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो आणि राणू आबाजी, हे जुने विणकर. हातमाग कधीचा बंद पडला, पण हात थांबले नव्हते. गप्पा मारतानासुद्धा बोटांत एखादा धागा असायचा आणि तो आपोआप वळत राहायचा.

सुट्टी संपून राणू परत आली, बसमधून उतरली, माझ्याकडे बघून हसली, आणि मी बघतच राहिले. फट नाही! दोन्ही दात एकमेकांना खेटून उभे. मला काय करू नि काय नको असं झालं. दोन-तीन वर्षं कसली, सव्वा महिन्यात काम झालं होतं. डॉक्टरकाकांबद्दल मनात आणलेलं सगळं वाईटसाईट मी परत घेतलं. म्हटलं, हा माणूस म्हणजे ऋषी आहे, नुसता थांबतो आणि होतं. मी संत्रा बर्फी आणली आणि खाली जाऊन त्यांच्यासमोर ठेवली.

"काका, तुमच्या थांबण्याला यश आलं. राणूची फट गेली!"

त्यांनी बर्फीचा तुकडा उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

"सुळे आले?"

"नाही हो. त्याच्या आधीच!"

"मग कोनं ढकलले दात?"

बर्फी तशीच टाकून ते उठले. आमचा जिना ते कधी चढत नसत, गुडघे दुखायचे म्हणून. त्या दिवशी अनवाणी, एकेक पायरी सोडत वर गेले. राणू टीव्हीसमोर बसली होती. तिची हनुवटी धरून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेव्हा मला दिसलं, जे बसस्टँडवर आनंदाच्या भरात दिसलं नव्हतं. ते दोन दात आधीपेक्षा लांब झाले होते. वरची हिरडी सुजून जांभळी. काकांनी एका बोटाने दाताला नुसता स्पर्श केला, तर तो हलला. झोक्यासारखा हलला.

"काय बांधलं होतं बेटा?"

राणू माझ्याकडे बघेना.

"मी रागावत नाही. मी कोनालेच रागावत नाही. काय बांधलं?"

"आबाजीनं रेशीम," ती पुटपुटली. "सांगू नको म्हणले. मम्मीले सरप्राइज द्याचं होतं."

"सोडलं का मग ते?"

"नाई. सुटून पडलं असन, म्हणे. दिसेना ना. मग दुसरं बांधलं. तेबी पडलं."

ते पडलेलं नव्हतं. डॉक्टरकाकांनी मला खाली दवाखान्यात एक गाजर आणून दाखवलं. दात असा असतो, वर जाड आणि मुळाकडे निमुळता. जाड भागावर घट्ट काही बांधलं की ते हळूहळू निमुळत्या बाजूला घसरतं. हिरडीच्या आत शिरतं, दिसेनासं होतं, आणि आत जाऊन दाताला धरून ठेवणारं सगळं कापत जातं. रेशमाचे दोन्ही फास आत होते. एक्स-रेत दातांच्या भोवतीचं हाड पुसल्यासारखं गेलं होतं.

"काढतो," ते म्हणाले. "पन आधीच सांगून राहिलो, दोन्ही दात जाऊ शकतात. हे काही दुधाचे नाहीत, परत येनार नाहीत. हिचं सगळं आयुष्य यायचं हाय."

मी राणूला उचलून खुर्चीत बसवलं.

त्यांनी हिरडी बधिर केली आणि बारीक आकड्याने ते फास काढले. काढताना एरवीची बडबड नाही, काही नाही, कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी माझ्या ओढणीने पुसला. मग आतली जागा साफ करून त्या दोन दातांना शेजारच्या दातांशी बारीक, सैलशा तारेने जोडलं, आपले आपण सरकायला जागा ठेवून, दोन आजारी माणसांनी शेजाऱ्यांचा आधार घ्यावा तसं. समोरच्या दातांनी काही चावायचं नाही. खिचडी, वरणभात, पोळी कुस्करून. आणि?

"आणि थांबायचं," ते म्हणाले. या वेळी मी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मामाजी आले. यांनी फोनवर आवाज चढवला होता. ते वर आमच्या घरी आलेच नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मी पाणी नेलं, ते घेतलं नाही. डॉक्टरकाका बाहेर आले तसे उभे राहिले आणि हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, मले वाटलं, लेकराले पोरं चिडवून राहिले, कायले रडू द्याचं? मागावर धाग्यात फट पडली का आमी बांधून घेतो जी. मले वाटलं, तसंच हाय हे."

मी जीव मुठीत धरून उभी. काका काय बोलतील याचा नेम नव्हता. मामाजींची बोटं तेव्हाही पिशवीचा बंद वळत होती. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मागाचा धागा जिथं बांधला तिथं राहते. दात जिवंत हाय, आबाजी. तो चालते."

"माहे चालतात का दात? माहे काढा तुमी. तिले लावा."

मी तोंडाला पदर लावला. डॉक्टरकाकांनी मात्र खरंच मामाजींचं तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि म्हणाले, "नाही जमत. तिच्या मापाचे नाहीत. या, चहा घेऊ."

मग त्यांनी मामाजींना काम दिलं. उमरेडला परत जायचं नाही. राणूचे दात बरे होईपर्यंत इथेच राहायचं आणि रोज दुपारी खाली येऊन आपल्यासोबत बसायचं.

"बसून काय करू?"

"काही नाही. तेच तुमाले शिकवतो."

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या थंडीत दोन म्हातारे दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेले दिसायचे. मामाजींची बोटं धागा शोधायला लागली की डॉक्टरकाका वर्तमानपत्र न खाली करता म्हणायचे, "हात." मामाजी हात मांडीवर ठेवायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "हात." राणू शाळेतून आली की दोघांच्या मधे उभी राहून तोंड उघडायची. काका बोटाने दात हलवून बघायचे. मामाजी दातांकडे बघायचे नाहीत, काकांच्या तोंडाकडे बघायचे. काका दरवेळी एकच शब्द बोलायचे, "हालते." त्या एका शब्दावर आमच्या घरात रात्रीचं जेवण कसं जाणार हे ठरायचं.

मग एक दिवस त्यांनी बोटाने बघितलं, आरशाच्या दांड्याने दातावर टकटक केलं, कान जवळ नेऊन ऐकलं, पुन्हा टकटक केलं, आणि काहीच बोलले नाहीत. एक्स-रे काढला. तो खिडकीच्या उजेडात धरून उभे राहिले. मग तार काढायला बसले. तार निघाल्यावर मामाजींना म्हणाले, "कोपऱ्यावर जामवाली बसली असन. जाम आना. पिकलेले नको, कच्चट पायजे."

जाम म्हणजे पुण्याकडच्यांचा पेरू. मामाजी पिशवीभर घेऊन आले, इतके, की जामवालीची टोपली रिकामी झाली असावी. काकांनी त्यातला सगळ्यात हिरवा, टणक निवडला, धुतला, आणि राणूच्या हातात दिला.

"समोरच्या दातांनी."

राणूने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणायला मान हलवली, पण ती हलली की नाही मला माहीत नाही. मामाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कचकन आवाज आला.

तुकडा तोंडात घेऊन राणू चावत होती. दुखत नव्हतं, हे तिच्या गालांवरून कळत होतं. काकांनी तिच्या हातातला जाम घेतला आणि उजेडात धरला. चावलेल्या जागी दातांचे दोन स्वच्छ खड्डे होते, आणि दोन्हींच्या मधोमध जामच्या गराची एक पातळ भिंत उभी होती, सरळ, न मोडलेली. रेशीम निघालं होतं, तारेनं ओढलं नव्हतं, आणि दात आपल्या जुन्या जागी परत गेले होते. फट परत आली होती.

"आबाजी, वळा," काका म्हणाले. "हे पाहा. मधात भिंत हाय."

मामाजी वळले. त्यांनी जाम दोन्ही हातांत घेतला आणि त्या भिंतीवर अंगठा नुसता टेकवला, दाबला नाही. 

"माहा हाय तो, द्या ना आबाजी," राणू म्हणाली.

कोणी देईना. दोघे म्हातारे तो जाम एकमेकांकडे देत बघत राहिले. राणूने थोडा वेळ वाट बघितली, मग पिशवीत हात घातला, दुसरा जाम काढला, फ्रॉकला पुसला आणि चावला. आवाज झाला. या वेळी कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.